दुसऱ्या मजल्यावरची अर्ध्या इंचाची रेघ

एप्रिलच्या पहिल्या रविवारी समता रेसिडेन्सीच्या पार्किंगमध्ये सोसायटीची सभा भरली. तेव्हा दुसऱ्या मजल्यावरचे धर्मपाल मनवर गप्प बसले असते तर पुढचं काहीच झालं नसतं. पण गप्प बसणं हा त्यांचा विषय नव्हता. पाणीपुरवठ्याच्या सरकारी कचेरीत एकतीस वर्षं त्यांनी आरेखक म्हणून नकाशे काढले होते आणि सेवानिवृत्त झाल्यापासून पुसदमध्ये पाण्याबद्दल कोणी तोंड उघडलं की मनवरांचंही आपोआप उघडत असे.

सभेपुढचा विषय दर उन्हाळ्याचाच होता. चौथ्या मजल्यावर बसंतीबाई राठोड राहत. त्यांचे यजमान गुलाबसिंग बहुतेक दिवस तांड्यावर, शेतावर असायचे, त्यामुळे पाण्याचा सगळा कारभार बाईंच्या गळ्यात. सकाळी सव्वासातला त्यांचा नळ खोकायला लागायचा आणि साडेसातला राम म्हणायचा. मग पार्किंगमधल्या नळावरून बकेटा भरून चार मजले चढायचे. लिफ्ट होती, पण लिफ्टमध्ये पाणी सांडतं म्हणून भरलेली बकेट नेण्यास मनाई होती. हा ठराव दोन वर्षांपूर्वी मांडला होता धर्मपाल मनवरांनी आणि तो टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला होता.

"अठ्ठावन्न वर्साची झालो मी," बसंतीबाई म्हणाल्या. "गुडघे म्हणते, बाई, आता बस. हिवाळ्यात येते पाणी. उन्हाळा लागला का नळ रुसते. कायले, ते तं सांगा कोनी?"

"उन्हाळ्यात पाणी कमीच असते जी," सगळे एका सुरात म्हणाले. हे उत्तर सगळ्यांना पटलं. बसंतीबाईंनाच काय ते पटलं नाही.

सोसायटीचे अध्यक्ष बापूजी पहिल्या मजल्यावर राहत. त्यांचं खरं नाव काय, हे त्यांच्या लाइट बिलावरच वाचायला मिळे. ते उभे राहिले. "मी कचेरीत गेलतो. मोठी मोटर आन् दुसरं कनेक्शन भेटू शकते. पण फाइलमंदी रायझर डायग्राम पाहिजे म्हनते तो बाबू. आता हे काय असते, बाप्पा?"

"मी काढून देतो," धर्मपाल म्हणाले.

एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण तिसऱ्या मजल्यावरच्या शीला वहिनी, ज्या एका बिल्डरच्या ऑफिसात टायपिंग करत, म्हणाल्या, "हातानं काढलेलं आजकाल नाई चालत जी. आमच्या ऑफिसात सगळं कॉम्प्युटरवर, बिममंदी काढते. काकाले नाई जमनार ते. त्यायच्या वक्ती पेन्सिली होत्या."

"बिममधेच काढून देतो!" धर्मपाल म्हणाले. आवाज त्यांच्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगायला हवं. रायझर डायग्राम म्हणजे इमारतीतल्या पाइपांची वंशावळ. खालच्या हौदातलं पाणी मोटरीनं गच्चीवरच्या टाकीत कसं चढतं, तिथून मजल्यामजल्यावर कसं उतरतं, वाटेत कोणाला कुठून फाटा फुटतो, हे सगळं एका कागदावर उभ्या-आडव्या रेघांनी दाखवायचं. त्यात अंतर खरं नसतं, जाडी खरी नसते, भिंती तर नसतातच. खरं एकच असावं लागतं: कोणती रेघ कोणाला जोडलेली आहे. "माप खोटं चालते, जोडणी खोटी चालत नाई," हे वाक्य धर्मपालांनी कचेरीत नव्या मुलांना एकतीस वर्षं ऐकवलं होतं. ते त्यांनी सभेलाही ऐकवलं. पुढे ते त्यांना चांगलंच महागात पडलं.

बिमची माहिती त्यांना होती ती मुलीमुळे. मैत्रेयी पुण्यात त्याच कामाची नोकरी करत होती आणि फोनवर अधूनमधून कुरकुरत होती, म्हणून हा शब्द घरात आलेला. रात्री त्यांनी तिला फोन लावला.

"चार मजल्यांच्या बिल्डिंगले बिम?" ती म्हणाली. "बाबा, पेन्सिलनं काढा ना. अर्ध्या घंट्याचं काम हाय."

"पेन्सिलीचं नाव काढू नको."

मैत्रेयीला वडिलांचा स्वभाव ठाऊक होता. तिनं आपला जुना लॅपटॉप कुरियरनं पाठवला आणि सॉफ्टवेअर वापरून पाहायला फुकट मिळतं ते कसं उतरवायचं, ते फोनवर शिकवलं. फुकट फक्त तीस दिवस. एकतिसाव्या दिवशी ते उघडणार नाही, हे तिनं तीनदा बजावलं.

"तीस दिवसांत मी धरणाचा नकाशा काढून मोकळा होत होतो," धर्मपाल म्हणाले. हे खरं नव्हतं, पण मुलीसमोर एवढं चालतं.

पहिली अडचण उन्हाची. पुसदचा एप्रिल, बाहेर त्रेचाळीस, आणि तो लॅपटॉप दहा मिनिटांत तापून आपोआप बंद व्हायचा. टेबल फॅन लावून पाहिला, खाली ओला रुमाल ठेवून पाहिला. (रुमालाचं मैत्रेयीला कळलं तेव्हा ती फोनवर किंचाळली.) शेवटी धर्मपालांनी टेबलच उचलून हॉलमधल्या मोठ्या कूलरसमोर नेलं. वाळ्याच्या ताट्यांतून येणारा थंड वारा लागला आणि लॅपटॉप माणसात आला. त्या दिवसापासून बिम आणि कूलर एकदमच सुरू व्हायचे आणि एकदमच बंद व्हायचे. धर्मपालांच्या पत्नी सत्यशीला शाळेत गणित शिकवत; त्यांना आता हॉलमध्ये आराम खुर्ची टाकायला जागा उरली नाही. "माह्या वाट्याचा वारा तुमचा डब्बा खाऊन राह्यला," असं त्या दिवसातून एकदा म्हणत.

दुसरी अडचण बिमची. बिममध्ये नकाशा काढत नाहीत, तर कॉम्प्युटरमध्ये इमारतच बांधतात: भिंती, स्लॅब, पाइप, कमोड, सगळं. धर्मपालांनी ती सोळा दिवस बांधली. प्रत्येकाच्या घरी टेप घेऊन गेले, प्रत्येक घरी चहा प्याले, सात घरांच्या न्हाण्या मोजल्या. खरी समता रेसिडेन्सी बांधायला बिल्डरला चार वर्षं लागली होती, म्हणजे त्या मानानं वेग चांगलाच होता. सतराव्या दिवशी त्यांनी मैत्रेयीला विचारलं, आता रायझर डायग्रामचं बटण कोणतं?

"तसं बटण नसते, बाबा. इमारत तिरपी करून, पाइप मोकळे करून, हातानंच मांडावा लागते तो."

"मंग एवढी इमारत कायले बांधली मी?"

"मी तं पेन्सिलच म्हटली होती."

धर्मपालांनी दोन दिवस मुलीशी कामापुरतंच बोलणं ठेवलं.

तिसरी अडचण म्हणजे ते सॉफ्टवेअर अतिशय मनमिळाऊ होतं. एक पाइप दुसऱ्याच्या जवळून नुसता नेला तरी ते दोघांचं लग्न लावून टाकायचं. वर पुन्हा तक्रारी करी. पिवळ्या चौकटीत आकडा यायचा, इतक्या ठिकाणी चूक आहे म्हणून. सत्यशीला शाळेतून आल्या की विचारत, "आज किती?" आणि धर्मपाल घरात ताप असल्यासारखं खालच्या आवाजात सांगत, "एकशेचार."

अठराव्या दिवशी त्यांनी कच्चा डायग्राम छापून लिफ्टशेजारी लावला, लोकांना काम दिसावं म्हणून. तासाभरात खाली आरडाओरडा सुरू झाला. सॉफ्टवेअरच्या कृपेनं शीला वहिनींचं बेसिन थेट बापूजींच्या संडासाला जोडलं गेलं होतं.

"मी अध्यक्ष हावो ना?" बापूजी म्हणत होते. "मंग यायचं उष्टं पाणी माह्या घरात काहून?"

"मी तं बेसिनवर नुसतं तोंड धुतो जी!" शीला वहिनी म्हणाल्या. "तुमचंच वर येत असन तं?"

धर्मपालांनी समजावलं की ही नुसती रेघ आहे, खरा पाइप तसा नाही. त्यानं प्रकरण आणखी बिघडलं. रेघच आहे म्हटल्यावर प्रत्येकाला ती आपल्या सोयीनं हवी झाली. एकाच्या देवघरामागून सांडपाण्याचा पाइप नको होता. पहिल्या मजल्यावरच्या विमलताईंचं म्हणणं पडलं की आपल्या फ्लॅटची चौकट बारीक आणि समोरच्यांची रुंद दिसते, भाव पडेल. बापूजींना सर्वांत वर, टाकीच्याही वर, अध्यक्षांचं नाव हवं होतं. एकट्या बसंतीबाईंनी काही मागितलं नाही. बकेट खाली ठेवून त्यांनी कागदावर आपला मजला शोधून पाहिला, मग बकेट उचलून जिना चढू लागल्या.

बाविसाव्या दिवशी चुका शून्यावर आल्या. सत्यशीलांनी शिरा केला. धर्मपालांनी अख्खी इमारत पुण्याला पाठवली आणि कौतुकाची वाट पाहत बसले. मैत्रेयीनं त्यात मोटरीचा जोर घातला, हिशेब केला आणि फोन केला.

"बाबा, मॉडेल खरं असन तं तुमची टाकी बेचाळीस मिनिटांत काठोकाठ भरली पाहिजे."

"मोटर घंटाभर चालते. तरी टाकी अर्धीच भरते."

"मंग चढत्या पाइपातून पाणी मधातच कुठंतरी जाऊन राह्यलं. टाकी अर्धी राह्यली का सगळ्यायच्या आधी वरच्या मजल्याचा जोर जाते. मोठी मोटर लावली तरी जाईलच ते. तुमी काही दाखवायचं राहून गेलं काय?"

"धर्मपाल मनवर काही विसरत नसते," धर्मपाल म्हणाले आणि फोन ठेवला. पाठीमागे कूलरमध्ये पाणी पडत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, मोटर चालू असताना, ते विक्की प्लंबरला घेऊन डक्टमध्ये उतरले. डक्ट म्हणजे दोन भिंतींमधली पाइपांची बोळ. गेल्या आठ वर्षांत तिथे विक्कीखेरीज कोणी पाऊल ठेवलं नव्हतं. विक्कीनं बॅटरी मारली आणि धर्मपालांना आपली एकतीस वर्षांची नोकरी डोळ्यांसमोरून गेल्यासारखं झालं. टाकीकडे चढणाऱ्या जाड पाइपाला पहिल्या मजल्यापासून तिसऱ्यापर्यंत बारीक पाइप फुटलेले होते. सहा घरं, सहा पाइप. काहींना पुढे आणखी फाटे होते, ते पाणी साठवायच्या ड्रमाकडे गेलेले. प्रत्येक पाइपातून पाणी सळसळत होतं.

"हे काय रे?"

"कूलरचे हाय जी," विक्की शांतपणे म्हणाला. "मोटर सुरू झाली का कूलर भरते, भरला का बॉलकॉकनं बंद. बकेटीची कटकट नाई. मीच टाकले सगळे."

"सगळे? आन् मले कोनी सांगितलं नाई?"

"कोनीच कोनाले सांगितलं नाई, साहेब. जो तो म्हने, चुपचाप टाक, आपलाच हाय एक, अर्ध्या इंचानं काय होते." विक्कीनं बॅटरी दुसऱ्या मजल्यावर वळवली. तिथला पाइप सगळ्यांत जुना, पिवळट पडलेला होता. "हे वाक्य पयले तुमीच म्हटलं होतं. पयला तुमचाच टाकला ना मी. आठ वर्सं झाले. तुमीच काढून देल्लं होतं कागदावर, पेन्सिलनं."

धर्मपालांना आठवलं. विसरले नव्हतेच ते. सत्यशीलांची कंबर धरली होती, बकेटा उचलवत नव्हत्या, आणि अर्धा इंच म्हणजे किती ते यांच्याहून चांगलं कोणाला ठाऊक? तो पाइप मॉडेलमध्ये घ्यायचं एकदाही त्यांच्या मनात आलं नव्हतं, कारण तो मोजण्याएवढा नव्हताच. त्या सहाही घरांनी अगदी हाच विचार केला होता.

घरी येऊन त्यांनी सत्यशीलांना सांगितलं. त्या वह्या तपासत होत्या. "मी तवाच म्हटलं होतं, सगळ्यायले सांगा," त्या मान वर न करता म्हणाल्या. "सहा अर्धे किती होते?"

"तीन."

"तीन इंची पाइप हाय मंग तुमचा."

पाणी असं मोजत नाहीत हे धर्मपालांना चांगलं ठाऊक होतं. पण त्या वेळी आपण एवढाही हिशेब केला नव्हता, म्हणून त्यांनी वाद घातला नाही. या घरात असं क्वचितच घडे.

विक्कीच्या पोटात काही राहत नाही. संध्याकाळपासून शिष्टमंडळं यायला लागली, तीही एकेकटी. विमलताई कैरीचं लोणचं घेऊन आल्या. शीला वहिनी सांडया-कुरडया घेऊन आल्या. बापूजी दसहरी आंब्यांची पेटी घेऊन आले आणि दार लावून घेऊन म्हणाले, "मनवर साहेब, बाकी सगळ्यायच्या रेघा दाखवा. न्याय म्हंजे न्याय. फक्त माही तेवढी राहू द्या. अध्यक्षपदाची शोभा असते." सगळ्यांचं मागणं तेच होतं, फक्त शोभा वेगवेगळी. धर्मपाल प्रत्येकाला म्हणत, "पाहतो." खरं तर त्यांनाही एक रेघ लपवायची होती, आणि त्यांच्याकडे लोणचं घेऊन जायला दुसरा धर्मपाल मनवर नव्हता.

तसं पाहिलं तर कचेरीला काही कळणार नव्हतं. चुका शून्य होत्या. तसाच डायग्राम फाइलला लावला की मोठी मोटर मिळाली असती आणि पुसदमधला पाण्याचा जाणकार म्हणून त्यांचं नाव तसंच राहिलं असतं. कूलर भरले असते. बसंतीबाईंना दोन थेंब जास्त मिळाले असते, कदाचित. या 'कदाचित'पाशी येऊन ते तीन दिवस अडकले.

सव्विसाव्या दिवशी सकाळी आठला बसंतीबाई दारात आल्या. हातात काही नव्हतं, रिकामी बकेट तेवढी जिन्यात ठेवलेली.

"भाऊ, आत येऊ? घडीभर बसतो. गुडघा बसून गेला." त्या कूलरसमोरच्या खुर्चीवर टेकल्या. "ये याडी! माय वं, काय गारगार हवा हाय तुमच्या घरी. आमचा कूलर तं सुकाच हाय. त्याले बकेटा कोन चढवन?"

धर्मपालांनी त्यांच्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवला.

"भाऊ, त्या कागदावर आमचा नळ हाय का?"

धर्मपालांनी लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. चौथा मजला दाखवला. निळी रेघ टाकीतून निघून खाली उतरत होती आणि सगळ्यांत आधी बसंतीबाईंच्या नळाशी वळत होती. बाईंनी पदरानं बोट पुसलं आणि त्या रेघेवरून हळूच फिरवलं, टाकीपासून नळापर्यंत.

"रेघ तं येते," त्या म्हणाल्या. "मंग पाणी काहून नाई येत?"

तेवढ्यात खाली मोटर सुरू झाली. त्या आठवड्यात बापूजींनी वेळ बदलली होती. कूलरच्या पोटात बॉलकॉक उघडला आणि पाणी धो धो पडायला लागलं. बसंतीबाईंनी आवाजाकडे पाहिलं, मग कूलरकडे, मग त्यामागून भिंतीत शिरलेल्या पिवळट पाइपाकडे. गुडघ्यावर हात ठेवून उठल्या, "येतो भाऊ," म्हणाल्या आणि बकेट घेऊन खाली गेल्या.

धर्मपालांना आयुष्यात एवढी लाज कधी वाटली नव्हती. कोणी बोलून अपमान केला असता तर त्यांनी सव्याज परत केला असता. इथे परत करायला काही दिलंच नव्हतं.

त्यांनी लॅपटॉप ओढला आणि दुसऱ्या मजल्यावर लाल रंगाची बारीक रेघ काढली. तिच्यावर लिहिलं: कूलर, अर्धा इंच, मनवर, पहिली. मग उरलेल्या पाच काढल्या, प्रत्येकीवर नाव आणि वर्ष टाकून. पुण्याहून मैत्रेयीनं हिशेब पाहिला आणि तिचा निरोप आला: "आता जुळलं, बाबा. पाणी सापडलं." थोड्या वेळानं दुसरा आला: "पहिली तुमची हे कायले लिहिलं?" धर्मपालांनी उत्तर पाठवलं, "जोडणी खोटी चालत नाई."

तिसाव्या दिवशी, रविवारी, डायग्राम पार्किंगच्या भिंतीला लावला. लोक पुढे झाले, लाल रेघा वाचल्या आणि मागे सरकले. धर्मपाल उभे राहिले. भाषण त्यांनी लिहून आणलं होतं, दोन पानी, पण ते खिशातच राहिलं. "पयली माही हाय," ते म्हणाले. "तुमी सगळे माह्यापासून शिकले. विक्की, पयले माही काप." विक्की करवत घेऊन आलाच होता. बापूजींनी आपली रेघ चष्मा लावून, चष्मा काढून, पुन्हा लावून पाहिली. "मंग माही बी काप," ते म्हणाले. "पण अध्यक्षाची शेवटी कापजो."

दुपारपर्यंत सहाही पाइपांना टोप्या बसल्या. सोमवारी सकाळी धर्मपाल घड्याळ घेऊन गच्चीवर बसले. टाकी चव्वेचाळीस मिनिटांत भरली. मैत्रेयीच्या बेचाळीसपेक्षा दोन जास्त, म्हणजे मोटर जुनी आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला आणि तो बापूजींना ऐकवला. मोठ्या मोटरीची गरज उरली नाही, फाइल कचेरीत गेलीच नाही. एकतीस वर्षांच्या अनुभवाचा आणि तीस दिवसांच्या घामाचा तो डायग्राम कोणत्याही बाबूनं कधी पाहिला नाही. लॅपटॉप उघडला तर सॉफ्टवेअरनं मुदत संपल्याचं नम्रपणे सांगितलं.

मंगळवारी सकाळी, टाकीचं पाणी कूलरला खर्चू नये म्हणून, धर्मपाल पार्किंगमधल्या नळावरून बकेट आणायला निघाले. लिफ्टचं बटण दाबलं. लिफ्ट वरून आली, दार उघडलं, आत बसंतीबाई उभ्या. हातात बकेट, निम्मं पाणी तिच्यात आणि निम्मं लिफ्टमध्ये.

"आमच्या नळाले लय पाणी हाय आता, भाऊ," त्या म्हणाल्या. "म्हटलं, मॅडमची कंबर दुखते, तुमचा कूलर भरून देतो." मग खाली पाहिलं आणि ओशाळल्या. "पण तुमचा ठराव मोडला ना मी."

धर्मपालांनी बकेट त्यांच्या हातातून घेतली, आत नेऊन कूलरमध्ये ओतली. मग मोरीजवळचा पोछा घेऊन आले, लिफ्टमध्ये बसले आणि फरशी कोपऱ्याकोपऱ्यानं पुसून काढू लागले. खालून बापूजी लिफ्टसाठी ओरडत होते.

"थांबा जी," धर्मपाल आतून म्हणाले. "ठराव रद्द करून राह्यलो."